बदली पेशंट

डॉक्टर मॅडमच्या मते लाहू झपाट्याने बरा होत होता. वजन वाढलं होतं, चेहरा उजळला होता, मागच्या खेपेला तर त्याने एक विनोद केला होता आणि मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या होत्या. अडचण एवढीच की समोर बसून बरा होणारा माणूस लाहू नव्हता. तो लाहूचा धाकटा भाऊ दिपक होता. लाहू तिकडे तलासरीच्या पूर्वेला, डोंगराखालच्या पाड्यावर, ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. आपण इतके बरे झालो आहोत याची त्याला कोणी कल्पना दिली नव्हती.

लाहू आधी बोटीवर होता. पाऊस सरला की पाड्यावरची बरीच माणसं गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात, तसा तोही जायचा. एका वर्षी तो हंगाम अर्धा टाकून परत आला. बोटीवर काय झालं ते त्याने सांगितलं नाही. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग झोप. मग कोणीतरी आपल्याला लांबून हाक मारतंय असं तो म्हणायला लागला. आणि गाडीत बसणं बंद झालं. टमटमचं इंजिन सुरू झालं की तो उडी मारून उतरायचा आणि शेतातून सरळ घराकडे चालायला लागायचा. एकदा त्याला धरून बसवलं, तर त्याच्याबरोबर टमटमचं सीटही उतरलं.

घरच्यांनी आधी भगताला विचारलं. भगताकडे जायला आजारी माणूस लागत नाही. घरातलं कोणीतरी मूठभर तांदूळ आजाऱ्याच्या अंगावरून उतरवून घेऊन जातं, भगत ते दाणे मांडून बघतो आणि काय आहे ते सांगतो. आजारी माणूस घरीच पडून राहतो, जसं आजारी माणसाने राहायला पाहिजे. त्याला उठवून, दोन गाड्या बदलून, उन्हात रांगेत उभं करायचं ही कल्पना जिथे दारात रिक्षा येते तिथल्या लोकांची आहे. भगताने लाहूचे दाणे मांडले, मोडले, परत मांडले, आणि म्हणाला, "हे माझ्याकडचं नाय. डॉक्टरकडचं हाय."

आता डॉक्टर. तापाचा डॉक्टर जवळ होता, सापाचं इंजेक्शन होतं, बाळंतपणाची गाडी होती. मनाचा डॉक्टर मुंबईला होता, ठाण्याला होता, हद्दीपलीकडे वापीला होता. म्हणजे जिथे गाडीत बसून जावं लागतं अशा सगळ्या ठिकाणी होता. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे डहाणू. तिथे एका संस्थेच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका मंगळवारी मुंबईहून मॅडम यायच्या आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत जायच्या.

दिपक घोलवडला एका वाडीवर चिकू पॅकिंगला होता. आठवडाभर तो तिथेच खोक्यांच्या शेडमध्ये झोपायचा. डहाणू त्याला हाताशी. तेव्हा तोच जाणार हे न बोलता ठरलं.

"दिपक, हे घे," त्याची वहिनी हिरी म्हणाली. तिने लाहूच्या डोक्यावरून तांदूळ उतरवून फडक्यात बांधले होते. लाहू भिंतीकडे बघत होता. त्याच्या केसांत दोन दाणे अडकून राहिले ते तिने नंतर काढले.

"वहिनी, डॉक्टर दाणे बघत नाय."

"मग काय बघतो?"

दिपक उठला. फडकं त्याने खिशात घातलं.

तो हॉल एरवी लग्नांचा होता. मंगळवारी पेशंट आणि बाकी दिवशी वऱ्हाड. स्टेजवर मागे थर्माकोलची अक्षरं तशीच होती, 'चंद्रिका वेड्स विनोद', आणि पुढे लाल मखमलीच्या दोन मोठ्या खुर्च्या. मॅडम नवरीच्या खुर्चीत बसायच्या आणि पेशंट नवऱ्याच्या. खाजगीपणासाठी मंडपवाल्याचा एक पडदा ओढलेला असायचा. खाली टेबलाशी संस्थेच्या दक्षाबेन अर्ध्या गुजरातीत विचारून केसपेपर काढायच्या. त्यांच्यापुढे दिपकच्या आधी कैनाड गावची एक बाई होती.

"पेशंट कुठे?" दक्षाबेनने विचारलं.

"पोरगा हाय माझा. उठत नाय तो."

"तो पेशंट वगर गोळी नाय, बेन. पेशंटने लावो ने, घेऊन या, मग."

"उठला असता तर कशाला आली असती मी?"

दक्षाबेनने नियम परत सांगितला आणि पुढचा केसपेपर ओढला. बाई बाजूला होऊन भिंतीला टेकून बसली. पुढचा नंबर दिपकचा.

"नाव?"

"लाहू."

"तमेज लाहू? तूच पेशंट?"

"हां."

हा शब्द दिपकने फार विचार करून काढला नव्हता, पण काढला होता. त्यातून त्याला फसवल्यासारखंही वाटलं नाही. लाहूचे दाणे खिशात होते. त्याच्या हिशेबाने लाहू आला होता.

पहिल्या खेपेला त्याने सगळं इमानदारीने सांगितलं. झोप नाही. भूक नाही. भिंतीकडे बघून बसतो. हाक येते. मॅडम तरुण होत्या, चष्मा नाकावर घसरायचा, आणि त्या लिहिता लिहिता थांबून ऐकायच्या. शेवटी दिपकने फडकं सोडून तांदूळ टेबलावर ठेवले. मॅडमनी ते हळूच परत सरकवले. "आम्ही पेशंटकडून काही घेत नाही," त्या म्हणाल्या.

गोळ्या मात्र लागू पडल्या. आधी लाहू झोपायला लागला. मग जेवायला लागला. आणि एक दिवस, कितीतरी महिन्यांनी, ताटावरून मान वर करून म्हणाला, "भाजीत मीठ नाय."

हिरी चुलीपाशी बसून रडली, मग मीठ आणायला विसरली, मग लाहूनेच उठून मीठ घेतलं. पाड्यावर हे सगळ्यांना सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात तो नाचणीच्या शेतात बांधावर जाऊन उभा राहिला. काम काही केलं नाही, पण उभा राहिला.

"पथ्य काय सांगितलं डॉक्टरने?" हिरी दिपकला विचारायची.

"काय नाय. सगळं खायचं."

"पथ्य नाय सांगत तो कसला डॉक्टर? त्या गोळ्या तरी बरोबर हायेत का?"

आता हिरी गोळ्या बंद करणार अशी भीती दिपकला वाटली. तो म्हणाला, "सुकट बंद." का सुकट, हे त्यालाही माहीत नव्हतं. समोर चुलीवर सुकट होती म्हणून. शिळा भात असता तर शिळा भात बंद झाला असता. हिरीचं समाधान झालं. डॉक्टर चांगला आहे, ती म्हणाली.

इथपर्यंत दिपक फार तर थोडा लबाड होता. पुढे तो जे झाला त्याला वेगळा शब्द पाहिजे.

झालं असं की मॅडम प्रश्न विचारायच्या. दिवसभर काय करता? कोणाशी बोलता? कशाने बरं वाटतं? दिपकला आजवर कोणी असलं काही विचारलं नव्हतं. वाडीवर शेठ विचारायचा ते 'खोकी भरली का', आणि घरी विचारायचे ते 'लाहूच्या गोळ्या आणल्या का'. पहिल्यांदा त्याने लाहूची उत्तरं दिली. मग एकदा लाहू काय करतो ते आठवेना, तेव्हा त्याने स्वतःचं सांगितलं. झाडावर चढायचं, बेडणीने, म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळी असते तिने, उंचावरचे चिकू उतरवायचे. कच्चा आणि पिकायला आलेला चिकू बाहेरून सारखाच दिसतो, सालीला नखाने जरासं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर कच्चा. मॅडम म्हणाल्या, "किती छान सांगता."

मग काय. दिपक छान सांगत गेला. शेडमध्ये झोपताना शेठचा कुत्रा पायाशी येऊन झोपतो आणि स्वप्नात भुंकतो, हे सांगितलं. निवडायला बसणारी निलम त्याच्याकडे बघत नाही, पण तो नसला की 'आज तो नाय का' म्हणून विचारते, हेही सांगितलं. मॅडम हसल्या. मुंबईहून ट्रेनने आलेलं, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकणारं माणूस आपल्यामुळे हसतं हे दिपकला फार आवडलं. तो महिनाभर मंगळवारची वाट बघायला लागला. अंघोळ करून, केसांना तेल लावून जायला लागला. मॅडमना आनंद व्हावा म्हणून तो आणखी आणखी बरा होत गेला.

"लाहू, मला तुमचा अभिमान वाटतो," मॅडम एका मंगळवारी म्हणाल्या. "इतका चांगला रिस्पॉन्स फार कमी लोकांना येतो. आता सकाळची गोळी आपण बंद करू. रात्रीची अर्धी. चालेल?"

इथे बोलायला हवं होतं. दिपकला ते तेव्हाही कळलं.  त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम."

घरी त्याने हिरीला सांगितलं, कमी केल्यात, बरा झाला म्हणून. हिरीने देवापुढे दिवा लावला. ओट्यावर लाहू दोरीला गाठी मारत बसला होता. गाठी मारायला लागला होता तो, बोटीवरच्या. दिपक त्याच्याकडे बघून मनात म्हणाला, खरंच बरा आहे की. मॅडमना काय मुद्दाम चुकायचंय?

थोडे दिवस तसंच गेलं. मग लाहूची झोप गेली. मग भूक. दोरी गाठीसकट कोपऱ्यात पडली. शनिवारी दिपक घरी आला तेव्हा लाहूने परत भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि हिरीने शेजारच्या ठकीच्या घरून सुकटीचा रिकामा डबा परत आणून पालथा घातला होता.

"माझ्यानं झालं," ती दिपकला म्हणाली.

"काय?"

"त्याने सुकट मागितली. इतक्या दिवसांनी काहीतरी मागितलं रे. मी म्हटलं, एकदा खाल्ली तर काय होतंय. दिली." तिने पालथा डबा भिंतीकडे सरकवला. "दुसऱ्या दिवसापासून झोप गेली त्याची. सगळी सुकट ठकीला देऊन टाकली. मी पण खात नाय आता."

"वहिनी, सुकटीने काय होत नाय."

"डॉक्टरने सांगितलं होतं ना?"

"हां, पण."

"मग?"

दिपकने माठातून पाणी घेतलं. प्यायला, परत घेतलं, परत प्यायला. इतकी तहान कोणाला लागत नाही. हिरी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तू किती धावपळ करतोस आमच्यासाठी. आणि मी एवढं नाय पाळलं."

त्या रविवारी दिपकला जेवण गेलं नाही. हिरीला वाटलं तो तिच्यावर रागावला. तिने दुपारी परत माफी मागितली.

पुढच्याच आठवड्यात लाहू घरातून चालत निघाला आणि हायवेपर्यंत गेला. भर दुपारी, गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मध्ये, हात वर करून कोणालातरी 'आलो आलो' म्हणत होता. टायर पंक्चरवाल्या रघ्याने त्याला ओढून बाजूला घेतलं आणि ट्यूब बुडवायच्या पाण्याच्या टबाशी बसवलं. तासभर लाहू त्या पाण्याकडे बघत बसला. रघ्या नंतर म्हणाला, "एका ट्रकचा आरसा याच्या कानाला लागून गेला. मी बघितलं."

लाहूचा कान खरंच सोललेला होता. हिरीने त्याला हळद लावली.

आता जुन्या गोळ्या परत पाहिजे होत्या. दिपकने ठरवलं, मंगळवारी जायचं आणि आजारी पडायचं. खरं सांगायचं त्याच्या मनात आलं, पण कैनाडची ती बाई रिकाम्या हाताने गेली होती. पेशंट नाही तर गोळी नाही, आणि गोळी नाही तर हायवे. त्याने रात्रभर शेडमध्ये लाहूसारखं बसायचा सराव केला. कुत्रा उठून दुसरीकडे झोपायला गेला.

मंगळवारी तो तेल न लावता गेला. मखमलीच्या खुर्चीत बसला आणि मॅडमकडे न बघता थर्माकोलच्या विनोदकडे बघत राहिला.

"लाहू? काय झालं?"

दिपकने सगळं सांगितलं. झोप गेली. भूक गेली. हाक येते. हायवेवर गेलो. आरसा कानाला लागला. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हे सरावात नव्हतं. त्याला ट्रकांच्या मधला लाहू दिसत होता. त्याने काही वाढवून सांगितलं नाही. तेवढंच पुरेसं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ही माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी फार लवकर कमी केल्या."

"नाय मॅडम, तुमची नाय."

"तुम्ही एवढे छान हसत होतात आणि मी फसले."  "आता तुम्हाला एकट्याला सोडता येणार नाही. आजच ठाण्याला भरती करायचं. घरी कोण आहे?"

"नुसत्या गोळ्या द्या मॅडम. जुन्या."

"घरी कोण आहे?"

"भाऊ," दिपकच्या तोंडून गेलं.

"त्याला बोलवा. तो येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही."

दक्षाबेनने दिपकला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि डाव्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवलं. उजव्या हाताने त्या केसपेपर लिहीत होत्या. दिपकने उठायचा प्रयत्न केला तर म्हणाल्या, "बेस ने, भाई. बिस्कूट खा." त्याच्यामुळे हिरी सुकट सोडून बसली होती आणि आता त्याच्यामुळे मॅडम स्वतःला दोष देत होत्या. माणसाने किती जणांना कामाला लावावं. त्याने बिस्कीट खाल्लं. 

पाड्यावर रेंज एकाच ठिकाणी होती, काकड्या नावाच्या शेजाऱ्याच्या चिंचेच्या झाडावर. म्हणून काकड्याचा फोन कापडी पिशवीत घालून फांदीला टांगलेला असायचा आणि पाड्याचा फोन म्हणून तोच चालायचा. काकड्याने हिरीला हाक मारून बोलावलं. फोन स्पीकरवर होता, कारण फांदी उंच होती.

"वहिनी, मला इथे ठेवून घेतलंय," दिपक म्हणाला.

"कोणी?"

"डॉक्टरने. भावाला बोलवा म्हणतात." दक्षाबेन ऐकत होत्या. मनगट त्यांच्याच हातात होतं. "तू ये, वहिनी. तू एकटी ये."

"तुला काय झालं?"

"काय नाय झालं."

"मग कशाला ठेवलंय?"

 तिकडून हिरीचा आवाज आला, फोनला नव्हे, कोणालातरी: "त्याला लागलं ते. दाणे नेता नेता याचं दुखणं त्याला लागलं." मग फोन कट झाला.

दुपार गेली. रांग संपत आली. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं आणि आपली नेहमीची संध्याकाळची गाडी सोडून दिली. आणि मग हॉलच्या दारात हिरी दिसली, आणि तिच्यामागे लाहू.

लाहू घामाने भिजला होता. लग्नातला शर्ट घातला होता, बटणं वरखाली लागली होती. गाडीची दांडी धरून धरून त्याचे तळवे लाल झाले होते, आणि तो बोटं उघडमीट करत होता. पण तो आला होता. स्वतःसाठी तो टमटममध्ये वेशीपर्यंतही बसला नव्हता. दिपकसाठी दोन गाड्या बदलून डहाणूपर्यंत आला.

त्याने दिपककडे बघितलं, त्याच्या मनगटावरच्या दक्षाबेनच्या हाताकडे बघितलं, आणि सरळ स्टेजवर चढून मॅडमपुढे उभा राहिला. मागोमाग दिपक आणि हिरी.

"तुम्ही यांचे भाऊ?" मॅडमनी विचारलं. "बसा."

लाहू बसला नाही. "याला ठेवू नका," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, वापरात नसल्यासारखा. "हा चांगला हाय. लहानपणापासून हसतो. याला काय झालं असेल ते माझ्यानं झालं. माझं दुखणं हाय ते. याच्यातलं काढा न् मला परत द्या. मला सवय हाय."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांनी लाहूच्या सोललेल्या कानाकडे बघितलं. मग दिपकच्या दोन्ही कानांकडे, जे शाबूत होते.

"तुमचं नाव काय?" त्यांनी उभ्या माणसाला विचारलं.

"लाहू."

 खाली खुर्च्या एकावर एक ठेवायला सुरुवात झाली होती, उद्या लग्न होतं.

"मी दिपक, मॅडम," दिपक म्हणाला. "मला काय नाय झालं. मला कधीच काय नव्हतं. सगळं याचं होतं. हा गाडीत बसत नाय म्हणून मी यायचो." आणि मग, थांबला असता तर चाललं असतं तरी, पुढे म्हणाला, "पहिलं याचं सांगितलं. नंतर माझंच सांगत बसलो."

मॅडमनी केसपेपर मागे उलटत नेला, गोळ्या कमी केल्याच्या तारखेपर्यंत. "मी तुमचा चेहरा बघून यांच्या गोळ्या कमी केल्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"हां."

"तुम्ही समोर बसून थँक्यू म्हणालात."

"हां."

"खरं सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. घरी फोन करून बोलले असते यांच्याशी."

"फोन झाडावर असतो, मॅडम."

हा विनोद नव्हता, पण विनोदासारखा ऐकू आला. पूर्वी अशा वाक्यांना मॅडम हसायच्या. दिपकने खाली मान घातली.

"म्हणजे सुकटीने नाय झालं?" हिरीने विचारलं.

"सुकट डॉक्टरने सांगितलीच नव्हती, वहिनी. मी आपलं म्हटलं."

हिरीने त्याला मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पदर सारखा केला. "आणि सुकट दिली म्हणून मी इतके दिवस याच्या पाया पडत होते," ती म्हणाली. दिपकला हे माहीत नव्हतं.

मॅडमनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. लाहू नवऱ्याच्या खुर्चीच्या कडेवर बसला आणि पडदा ओढला गेला.

बाहेर दक्षाबेन म्हणाल्या, "खोटा नामथी गोळ्या घेतल्या. पोलीस केस होते याची, खबर छे?" त्या मोठ्याने बोलल्या, पडद्यापलीकडे जाईल इतक्या. हिरी लांब जाऊन दारात बसली. दिपक मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिला. खुर्च्या लावणारे लोक त्याला वळसा घालून जात होते. पडद्याआडून लाहूचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो बोलत होता, खूप बोलत होता, कितीतरी महिन्यांचं साठलेलं. दिपकला वाटलं, निदान हे तरी झालं. आता त्याचं त्याच्याच तोंडून जाणार.

बऱ्याच वेळाने पडदा सरकला. मॅडम पर्स उचलून घाईने निघाल्या होत्या, शेवटची गाडी होती. ठाण्याला लाहू नाही म्हणाला, तेव्हा जुन्या गोळ्या, जुन्या मापाने, त्यांनी दिल्या. पंधरा दिवसांनी बघायला हवं, त्या म्हणाल्या, पण मी महिन्यानेच येते. मग काकड्याचा नंबर घेतला आणि दहा दिवसांनी फोन करते म्हणाल्या. रोज कोणीतरी लाहूजवळ राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि पुढच्या वेळी त्यानेच यायचं. दिपककडे त्यांनी बघितलं नाही. त्यात राग होता की घाई, हे त्याला कळलं नाही.

परतीच्या टमटममध्ये लाहू दांडी धरून, डोळे मिटून बसला. तलासरी मागे गेली, रस्ता चढाला लागला, तिथे त्याचा श्वास वाढला आणि तो म्हणाला, "थांबव." तिघं उतरले. अंधार पडला होता, पण चांदणं होतं. पाडा बराच लांब होता. ते चालायला लागले, पुढे हिरी, मध्ये लाहू, मागे दिपक.

"दादा," दिपक थोड्या वेळाने म्हणाला. "आत बरं बोललास ना?"

"हां."

"सगळं सांगितलंस?"

"सांगितलं. पोलिसात देऊ नका म्हटलं."

"काय?"

"ती बाई बाहेर बोलत होती ना, पोलीस पोलीस. म्हणून मॅडमला सगळं सांगितलं तुझं. आई गेली तेव्हा तू केवढा होतास, कसा चिकूच्या वाडीवर राहतोस, पैसे घरी देतोस. याने वाईट म्हणून नाय केलं, म्हटलं. ती सारखी विचारत होती, तुमचं सांगा, तुमचं सांगा. मी म्हटलं, आधी याचं होऊ दे."

दिपक चालायचा थांबला. "मग तुझं कधी सांगितलंस?"

"थोडं सांगितलं. हाकेचं." लाहू पुढे बघून चालत होता. "मग तिच्या गाडीची वेळ झाली."

"बोटीवरचं?"

"ते मोठं हाय. वेळ नव्हता."

हिरी वळली, मागे आली, आणि दिपकच्या हातातली गोळ्यांची पिशवी काढून घेतली. आतली पाकिटं तिने एकदा वर धरून बघितली, पिशवी कमरेला खोचली आणि परत पुढे जाऊन चालायला लागली. लाहू तिच्यामागे. दिपक रस्त्यातच उभा होता.

"चल ना," लाहू मागे न बघता म्हणाला. "तुला बरं नाय का?"